पहिलीची सर

घरमालकीणबाई मंगळवारी सकाळी वारल्या. दुपारी त्यांना नेलं. संध्याकाळी माणसं ओट्यावर बसली आणि पहिलीच्या आठवणी काढू लागली.

पहिली म्हणजे घरमालकांची पहिली बायको. तिला जाऊन इतकी वर्षं झाली होती की ओट्यावर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तिला पाहिलंसुद्धा नव्हतं. पण ती किती मायाळू होती, किती सोशीक होती, तिच्या हाताला कशी चव होती, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. आतल्या खोलीत दुसरीचा चष्मा अजून खिडकीत तसाच पडलेला होता. आणि बाहेर तिच्यासाठी जमलेली माणसं शेजारून आलेला चहा पीत म्हणत होती, "बाई ते बाईच. तिची सर कोनाले नाही."

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. मी त्या घरातली भाडेकरू. राग आला की मला पटकन बोलता येत नाही. लिहिता येतं, तेही उशिरा. हे लिहायलाही बरेच महिने गेले.

मी त्यांना काकू म्हणत असे. गल्लीत त्यांना काकू म्हणणारी मी एकटीच. बाकी सगळ्यांसाठी त्या 'नवी' होत्या. नवीनं पापड घातले, नवीचे गुडघे दुखतात, नवीच्या घरी आज कोणी दिसत नाही. त्यांच्या लग्नानंतर जन्मलेली पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, तीही त्यांना नवी काकी, नवी आजी म्हणत. यामागे एक कारण होतं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरीचं नाव लिहितात, तेव्हा सासूबाईंनी पहिलीचंच नाव लिहायला लावलं होतं. घरातलं नाव मोडायला नको म्हणून. एका नावाच्या दोन बायका झाल्या, मग गल्लीनं आपली सोय केली. गेली ती बाई, आली ती नवी.

"नवी म्हनता म्हनता माहे केस पिकले," काकू म्हणत. "लग्नाच्या साली पंखा आनला होता, थो जळून भंगारात गेला. मी आजून नवीच."

हे त्या हसून म्हणत. काकूंचं हसणं मोठं होतं, पदर तोंडाला न लावता हसत. गल्लीच्या मते पहिली असं कधी हसली नव्हती.

रिसोडला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला लागले तेव्हा मी खोली शोधत फिरत होते. मी किन्हीराजाची, आमचं घर बौद्ध. खोली दाखवणारे आधी आडनाव विचारत, आणि आडनाव ऐकलं की त्यांना आठवे की ही खोली पुतण्यासाठी ठेवली आहे. घरमालक तोवर वारले होते, खोली काकूच दाखवत. त्यांनी आडनाव विचारलं नाही. मला खालून वर न्याहाळून विचारलं, "सिनेमे पाह्यता का?"

मी म्हटलं, कधीमधी.

"जुन्या-नव्याचं भांडन करत असान त खोली नाही भेटनार."

मला वाटलं गंमत करताहेत. ती गंमत नव्हती. खोलीची तेवढी एकच अट होती. जिन्यात उभा असलेला त्यांचा मुलगा, म्हणजे पहिलीचा मुलगा, मला सांगू लागला की आधी इथे बँकेतले साहेब राहायचे, फार स्वच्छ माणूस, आवाज म्हणून नाही. काकूंनी त्याला मध्येच थांबवलं. "त्यायचं हिले कायले सांगतो? थे गेले. ही आता आली. हिचं पाहू ना काय ते."

मी त्या खोलीत राहिले, अजूनही राहते. सोयाबीनच्या दिवसांत ट्रॅक्टर बाजाराकडे जाताना भुसकट उडून माझ्या खिडकीत येतं, उन्हाळ्यात गच्चीचं सिमेंट तापतं. पण त्या घरात मला कोणाशी मोजलं गेलं नाही. हे किती दुर्मीळ आहे ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

काकूंचं वेड सिनेमाचं होतं, आणि त्यातही एकाच जातीच्या सिनेमाचं. जुना गाजलेला सिनेमा पुन्हा नव्यानं काढला की त्या तो पाहायला जात. मराठी असो, हिंदी असो. रिसोडला नाही लागला तर वाशीमला, एसटीनं, कापडी पिशवीत पाण्याची बाटली आणि भाजलेले शेंगदाणे घेऊन. जाण्याआधी त्या पहिला सिनेमा पुन्हा पाहत. हा त्यांचा नेम होता. दोन्ही पाहिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि दुसऱ्यानंही उघडलेलं त्यांना चालायचं नाही. भाजीवाल्यानं जरी म्हटलं की नव्यात काही दम नाही, तरी त्या कोथिंबिरीची जुडी हातात धरून विचारत, "पयला कवा पाह्यला होता?" लहानपणी, असं तो म्हणाला की जुडी परत टोपलीत. "मंग तू सिनेमा नाही पाह्यला. तू लहानपन पाह्यलं. थे कोनाचंबी चांगलंच असते."

जुना आणि नवा हे शब्द त्या वापरत नसत. पयला आणि दुसरा म्हणत. माझ्या तोंडून एकदा 'नवा' गेलं तर म्हणाल्या, "नवा काहून म्हनता मॅडम? नवा म्हटलं की मानूस आदीच वाकडं पाह्यते. दुसरा म्हना. दुसरा म्हटलं की त्याले त्याची जागा हाय."

म्हणून त्या दुसऱ्याच्या बाजूच्या होत्या असं कोणी समजू नये. एका दुसऱ्या सिनेमातून त्या मध्यंतरालाच उठून आल्या होत्या. पहिल्यातली गाणी, पहिल्यातले संवाद, पहिल्यातल्या नटाच्या चालीची नक्कल, आणि प्रत्येक ठिकाणी टाळ्यांसाठी थांबणं. घरी येऊन चपला काढता काढता म्हणाल्या, "थो पयल्याचं नाव सांगून दारोदार मागून राह्यला. त्याले मी काय वाढू?" पण हे सांगण्याचा अधिकार त्यांनी तिथं जाऊन, खुर्चीत बसून मिळवलेला होता.

त्यांचा हा नेम सिनेमापुरता नव्हता. आमच्या महाविद्यालयात नवे प्राचार्य आले तेव्हा शिक्षकांच्या खोलीत रोज सुस्कारे टाकले जात. आधीचे सर कसे देवमाणूस होते, आता ते दिवस गेले. मीही एकदा घरी येऊन तसंच काहीसं बोलले. काकू मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "थे होते तवा काय म्हनत होते तुमच्याइथले?" मी आठवून पाहिलं. ते होते तेव्हा त्यांच्या बदलीसाठी आमच्यातल्या दोघांनी नवस बोलला होता. मी ते सांगितलं आणि काकूंचं ते मोठं हसणं ओट्यावरून पार रस्त्यापर्यंत गेलं.

आता त्या सिनेमाबद्दल.

पहिला निघाला तो काकूंच्या लग्नाच्या साली. गोष्ट एका सासूसुनेची. मुलगा मरतो, घरात दोघी उरतात, सासू त्या मरणाचं खापर सुनेवर फोडते आणि तिला घराबाहेर काढते. शेवटी सून एसटीत बसते, सासू फाटकात उभी राहते, गाडी सुटते. त्या सिनेमानं आमच्या भागातल्या बायकांना इतकं रडवलं होतं की अजून कोणी फार रडलं तर त्यातल्या नायिकेचं नाव घेऊन चिडवतात. दोन वर्षांपूर्वी तोच सिनेमा पुन्हा निघाला. नाव तेच, गोष्ट तीच, गाणंही तेच, नव्या आवाजात.

पहिला तेव्हा कुठे पाहायला मिळेना, म्हणून या एकाच वेळी काकूंचा नेम मोडला. वाशीमला दुसरा लागला तेव्हा काकू, मी आणि समोरच्या घरातले गुरुजी असे तिघं एसटीनं निघालो. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. भला माणूस, वाचणारा, माझ्याशी पुस्तकांची देवाणघेवाण करणारा. पण जुन्याचा भक्त. गाडी रिसोडच्या बाहेर पडते न पडते तोच त्यांनी पहिल्या सिनेमाच्या आठवणी सुरू केल्या आणि वाशीम यायच्या आत निकालही देऊन टाकला. आजकालच्या नट्यांना दुःख माहीत नसतं, त्यामुळे अभिनय येत नाही, वगैरे. काकू शेंगदाणे सोलत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "गुरुजी, तुमी पाहून येऊन राह्यले का पाह्याले जाऊन राह्यले?"

मध्यंतरात गुरुजी बाहेर आले ते मान हलवतच. "वहिनी, पहिल्याची सर नाही."

"आजून अर्धा राह्यला," काकू म्हणाल्या. "पोळी तव्यावर हाय आन् तुमी चव सांगून राह्यले."

शेवटचा प्रसंग आला. सून गाडीत बसली. कंडक्टरनं विचारलं, कुठं? ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिला गावाचं नाव सांगता येईना, कारण जायला गावच नव्हतं. कंडक्टरनं पुन्हा विचारलं. मागचे लोक चुळबुळले. ती रडली नाही. गाडी सुटली आणि सिनेमा संपला. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "दगड हाय लेकाची." लोक हसले. बाहेर पडताना पायऱ्यांवर सगळीकडे तेच चाललं होतं. पहिली कशी रडली होती. तिच्या गालावरचं ते पाणी. खिडकीच्या गजाला धरलेले हात आणि ते हुंदके. गुरुजींच्या डोळ्यांत नुसत्या आठवणीनं पाणी आलं होतं. म्हणाले, "ते रडणं रडायला वरून देणगी लागते. ही नुसती बघत बसली."

परतीच्या गाडीत काकूंनी शेंगदाण्यांची पुडी उघडलीसुद्धा नाही. हे कधी घडत नसे. रिसोडच्या स्टँडवर उतरल्यावर, पिशवी खांद्याला लावत त्या एवढंच म्हणाल्या, "पयली रडत नाही."

गुरुजी हसले, वर्गातल्या मुलाकडे पाहून हसावं तसे. "वहिनी, तो सिनेमा मला तोंडपाठ आहे."

"असन. पन थे रडत नाही."

मग काही दिवस गल्लीला दुसरा विषय नव्हता. नवीला काही आठवत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. मलाही, खरं सांगायचं तर, पहिलीचं रडणं आठवत होतं. मी तो सिनेमा टीव्हीवर आईच्या मांडीवर पाहिला होता. काकूंच्या मुलानं शेवटी कंटाळून टीव्हीवर इंटरनेटवरून पहिला सिनेमा शोधून काढला, आणि एका रविवारी दुपारी पुढच्या खोलीत गल्ली जमली. ज्यांना जागा मिळाली नाही ते खिडकीत उभे राहिले. भिंतीवर घरमालकांचा आणि पहिलीचा लग्नाचा फोटो होता, हार घातलेला. काकू त्याच्याखाली भिंतीला टेकून बसल्या.

सिनेमा चांगला होता. फार चांगला होता. शेवट जवळ आला तशी खोली शांत झाली आणि बायकांनी पदर हातात घेतले. सून गाडीत बसली. खिडकीच्या गजाला तिनं हात लावला. गाणं सुरू झालं. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर आला आणि बराच वेळ तिथंच राहिला. तिचे डोळे कोरडे होते. ती सासूकडे पाहत होती, मग रस्त्याकडे, मग कशाकडेच नाही. गाडी धुळीत दिसेनाशी झाली, गाणं संपलं. तिनं एक टिपूससुद्धा गाळलं नव्हतं.

खोलीत बायका मात्र रडत होत्या.

तेव्हा मला समजलं की रडलो होतो ते आपण. घरी जाता जाता आपलं ते पाणी आपण तिच्या गालावर नेऊन ठेवलं होतं. आणि मग दुसरीला विचारत होतो, तुझ्या गालावर पाणी का नाही?

पण हे मला समजलं म्हणून सगळ्यांना समजलं असं नाही. गुरुजी पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "कापलाय."

"काय कापलं, गुरुजी?" काकूंच्या मुलानं विचारलं.

"रडण्याचा भाग. हे टीव्हीवाले, इंटरनेटवाले कापतात. वेळेत बसवायला."

मुलानं मागे नेऊन तो प्रसंग पुन्हा दाखवला. गाणं कुठे तुटत नव्हतं, गाडी कुठे उडी मारत नव्हती. गुरुजी म्हणाले, थिएटरातली प्रत वेगळी होती. खोलीतल्या निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. हो, थिएटरातली प्रत वेगळीच असणार. मला त्या माना अजून दिसतात. पुरावा समोर हलत-बोलत असताना माणसं पुराव्यालाच खोटं ठरवत होती, कारण त्यांची आठवण जास्त सुंदर होती. दुसऱ्या सिनेमातल्या त्या मुलीची बिचारीची काय गत झाली असेल, या विचारानं मला तेव्हा राग आला. ती ज्या रडण्यापुढे हरली होती ते रडणं पहिलीनंही केलेलं नव्हतं. कोणीच केलेलं नव्हतं.

कोणीतरी काकूंना चिडवायला विचारलं, "मंग नवी, तुहं काय म्हननं? दुसराच चांगला ना?"

काकूंनी थोडा विचार केला. "नाही. पयलाच बरा हाय."

खोलीत हशा पिकला. गुरुजींनी टाळी दिली. काकू हसणं संपेपर्यंत थांबल्या.

"पयल्यात सासू चुकते, त तिले चुकाले येळ देला हाय. आपल्याले तिचाबी कळवळा येते. दुसऱ्यात घाई केली. सासू नुसती खराब दाखोली. म्हनून पयला बरा." मग गुरुजींकडे वळून म्हणाल्या, "पन दुसरीनं कंडक्टरले जे उत्तर देलं नाही ना, थे पयल्यात नाही. थे तिचं सोताचं हाय. तेवढं तिले द्या. न रडल्याबद्दल दोघीयले सारखे मार्क द्या, आन् त्याच्याबद्दल तिले येक जास्त द्या."

कोणी काही दिलं नाही. लोक चहा पिऊन पांगले. जिन्यावरून मी ऐकलं, बाहेर कोणीतरी सांगत होतं, नवीनंही कबूल केलं, पहिल्याची सर नाही.

दुसऱ्या दिवशी काकू वर गच्चीत वड्या वाळत घालायला आल्या. मी विचारलं, इतक्या वर्षांपूर्वी पाहिलेल्या सिनेमातली ती जागा त्यांना एवढी पक्की कशी आठवत होती.

काकू वड्या एकमेकींना लागणार नाहीत अशा मांडत राहिल्या. मग सांगितलं. लग्नाला थोडेच महिने झाले होते. घरमालकांनी त्यांना, सासूबाईंना आणि गल्लीतल्या दोघीतिघींना त्या सिनेमाला नेलं. सगळ्या बायका हमसून रडत होत्या. काकूंना रडू येईना. सासूबाई अंधारातही त्यांच्याकडे वळून वळून पाहत होत्या. बाहेर आल्यावर त्या गल्लीतल्या बायकांना म्हणाल्या, बाई असती तर रडून रडून अर्धी झाली असती, हिच्या डोळ्यांत पाणी नाही. ते वाक्य मग गल्लीत फिरलं, आणि काकूंच्या आधी काकूंची कीर्ती घरोघर पोचली.

"मले कसं रडू येईन?" काकू म्हणाल्या. "मी त तिच्याकडंच पाह्यत होती. मले वाटलं, चला, येवढ्या लोकायत येक जन त हाय. हेबी रडून नाही राह्यली."

काकूंच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक छोटा चांदीचा टाक असे. पैशाएवढा पत्रा, त्यावर उठवलेली बाईची आकृती. तो पहिलीचा. दुसरेपणावर दिलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही त्या घराची रीत. नवी साडी आली की तिचा पदर आधी टाकाला लावायचा, मग नेसायची. सणाचा पहिला घास आधी टाकाला दाखवायचा. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मनात आलं, माणसानं आपल्या मापाची पट्टी आपल्याच गळ्यात बांधून जन्म काढावा, ही कसली रीत? मी ते बोलून दाखवलं.

काकूंनी टाक बोटांत धरला. त्यावरचं नाकडोळ्यांचं काम घासून जवळजवळ गेलं होतं. "बाईवर काहून रागावता, मॅडम? तिनं माहं काय केलं? तान्हं लेकरू ठेवून गेली बिचारी. रोज माह्यासंगं आंघोळ करते, माह्यासंगं जेवते. तिच्याशी माहं भांडन नाही." मग पायऱ्यांकडे हात करून, खाली ओट्याकडे दाखवत म्हणाल्या, "माहं भांडन पाह्यनारायशी हाय."

नंतर एकदा मी विचारलं होतं, त्यांचं माहेरचं नाव काय. त्यांनी सांगितलं. सांगताना त्या लाजल्या. म्हणाल्या, आता त्या नावानं कोणी हाक मारली तर आपण वळूनही पाहणार नाही. भाऊ होता तोवर तो मारायचा. कोणीतरी एकदा तरी मारायला हवी होती, असं त्या म्हणाल्या नाहीत. पण नाव सांगून झाल्यावर थोडा वेळ थांबल्या. मी ते नाव घेतलं, तर त्या खरंच दचकल्या आणि मग हसल्या. त्यानंतर घरात आम्ही दोघीच असलो की मी त्या नावापुढे काकू लावून हाक मारत असे. ते नाव मी इथे लिहीत नाही. गल्लीच्या हाती ते मला द्यायचं नाही.

आता पुन्हा त्या मंगळवारच्या संध्याकाळी.

ओट्यावर लोक पहिलीच्या आठवणी काढत होते. एक म्हणाला, बाईचं लोणचं. गल्लीत दर उन्हाळ्यात वाटलं जाणारं ते लोणचं काकूंच्या माहेरचं होतं, मला त्यांनी स्वतः शिकवलं होतं. दुसरा म्हणाला, आम्ही लहान असताना दर रविवारी या पुढच्या खोलीत टीव्हीवर सिनेमा पाहायला यायचो, आणि बाई सगळ्या पोरांना मुरमुरे द्यायची, कोणाच्या घरचा आहेस म्हणून कधी विचारलं नाही. सांगता सांगता त्यानं रुमालानं डोळे पुसले.

त्या घरात टीव्ही आला तो काकूंच्या हट्टानं, लग्नानंतर काही वर्षांनी. पहिली तेव्हा फोटोत होती.

मी तिथं फार मोठ्यानं बोलले नसेन, पण बोलले. "टीव्ही काकूंनी आणला. मुरमुरे त्या द्यायच्या."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. तो माणूस गोंधळला. मनात त्यानं हिशेब लावला असावा, वर्षं जुळत नव्हती. मग त्याचा चेहरा मोकळा झाला. "मंग रेडिओ असन," तो म्हणाला. "बाई रेडिओ लावून देत होती. हो, रेडिओच होता."

"सिनेमा पाहायला यायचो म्हणालात," मी म्हटलं.

"आयकाले येत होतो," तो म्हणाला.

बाकीच्यांनी माना डोलावल्या. गुरुजीही तिथं होते, त्यांनी मान डोलावली नाही, पण काही बोललेही नाहीत. मी वर निघून आले. मला त्यांचा मूर्खपणा बोचला नाही. ते मूर्ख नव्हते. मला त्यांचा उदारपणा बोचला. एका बाईला ते किती भरभरून देत होते, आणि सगळं दुसरीच्या घरातून उचलून. जिवंतपणी नवीला पहिलीच्या मापात कमी मोजलं, आणि मेल्यावर तिचं जे जे काही होतं ते पहिलीच्या पदरात घातलं. तुलना करा म्हणावं, खुशाल करा. पण मग दोघींना आपापल्या नावावर उभं करा. एकीच्या अंगावर दुसरीचे दागिने चढवायचे आणि मग दुसरी लंकेची पार्वती म्हणून नाक मुरडायचं, याला न्याय म्हणत नाहीत.

तेराव्यानंतर काकूंचा मुलगा जिन्यात भेटला. मुंडण केलेलं डोकं, हातात कागदाची पुडी. म्हणाला, वाशीमला सोनाराकडे गेलो होतो, नवीमायचा टाक करायला.

नवीमाय. तोही लहानपणापासून तसंच म्हणत आला होता.

पुडी उघडून त्यानं टाक दाखवला. चकचकीत, नाकडोळे धारदार. मी म्हटलं, पहिलीच्या टाकासारखाच आहे. तो म्हणाला, सोनाराकडे बाईचा एकच ठसा आहे. त्याच्या बापाच्या वेळचा. त्याच्यावर पत्रा ठेवून ठोकतो. सगळ्या बाया त्याच्यातूनच निघतात.

"त्याले म्हटलं, येगळा कर. पैसे जास्त घे. थो म्हने, भाऊ, येगळा कसा करू? टाकात बाई म्हनजे बाईच असते."

तो पायरीवर बसला. बराच वेळ पुडीचा कागद सारखा करत राहिला. "मॅडम, सारे मले सांगतात, तुही माय अशी होती, तुही माय तशी होती. मी हो हो करतो. मले थे आठवतच नाही. मी पाळन्यात होतो." मग त्यानं टाकाकडे पाहिलं. "मले माय म्हटलं की हेच दिसते. मी कोनाले सांगतलं नाही. हिलेबी कदी नाही सांगतलं."

मी त्याला काकूंचं माहेरचं नाव सांगितलं. त्याला ते माहीत नव्हतं. त्यानं ते एकदा ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं आणि उठून खाली गेला.

आता देवघरात दोन टाक आहेत, शेजारी शेजारी. मुलाची बायको सणाला दोन्ही चिंचेनं घासते आणि नवी साडी आणली की पदर दोन्हींना लावते. एक टाक काकूंच्या गळ्यात राहून इतका झिजला आहे की त्यावर चेहरा उरलेला नाही. दुसरा अजून चमकतो. घरी कोणी आलं की झिजलेल्या टाकाला आधी हात जोडतं, आणि चमकणाऱ्याकडे बोट करून विचारतं, हा नवीचा ना?